कोहिबाचा बार

तळमजल्यावरच्या आबांनी माझी सिगार खाल्ली. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात हा विषय निघाला की बायकोला हसू आवरत नाही आणि पुढचं मला कुणी बोलूच देत नाही.

सिगार मेहुण्यानं आणलेली. तो दुबईला असतो आणि दर सुट्टीत मला अशी एखादी वस्तू देतो की ती वापरायच्या आधी शिकावी लागते. मागं कॉफीचं यंत्र आणलं होतं, ते माळ्यावर आहे. या वेळी कोहिबा रोबुस्टो आणली. एकच. झिपच्या पिशवीत, सोबत ओलावा धरून ठेवणारी एक चपटी पुडी.

"दाजी, ही साधी सिगार नाही. फिडेल कॅस्ट्रो ओढायचा ती."

"त्यानं 1985 मध्ये सोडली," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिनं तेवढ्यात फोनवर शोधूनसुद्धा काढलं होतं.

मेहुणा परत गेला आणि मग त्याचे मेसेज सुरू झाले. कोहिबा हा ब्रँड 1966 चा. इतर क्युबन सिगारींची पानं दोनदा आंबवतात, हिच्या आतल्या दोन जातीच्या पानांना लाकडी पिंपात तिसऱ्यांदा मुक्काम असतो. लांबी 124 मिलिमीटर. जाडी 50, म्हणजे इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले पन्नास. पेटवताना ज्योत टेकवायची नाही, वरच्यावर धरून टोक शेकायचं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. मिनिटाला एक झुरका, घाई केली तर कडू होते. राख झटकत बसायचं नाही. विझवताना चिरडायची तर अजिबात नाही, नुसती ठेवून द्यायची, ती आपली आपण विझते. आणि सगळ्यात शेवटी, 'चव कशी लागली ते लिहून पाठवा. पहिल्या भागात लेदर आणि मध, मधल्या भागात कॉफी-कोको, शेवटी मिरी.'

भेटवस्तूला गृहपाठ लावून देणारा हा एकमेव मेहुणा असावा.

तरी मी सांभाळलं सगळं. सिगार पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते, त्यासाठी लोक लाकडी पेट्या विकत घेतात म्हणे. जुलैत कोल्हापुरात पेटी कशाला लागते? कपाटातल्या पट्ट्याला बुरशी आली होती, पापड सादळले होते, मीठ बरणीतून पडत नव्हतं. उलट ती पुडी बिचारी आमच्या घरचा ओलावा शोषूनच टम्म फुगली असणार.

प्रश्न जागेचा होता. हॉटेलात ओढायची सोय 2 ऑक्टोबर 2008 पासून गेली. रंकाळ्यावर उघड्यावर बसता येईल, पण रंकाळ्यावर संध्याकाळी माझे निम्मे नातेवाईक चालायला येतात आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडून बातमी घेतात. घरात तर शक्यच नाही. राहिली गच्ची. त्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकायला आलं होतं, त्यामुळं अख्खी बिल्डिंग फोनमध्ये तोंड घालून फुटांचा हिशोब करत बसलेली. इतकी चांगली वेळ पुन्हा मिळाली नसती. मी खुर्ची घेऊन वर गेलो.

कटर नव्हता. आईचा पितळी अडकित्ता घेतला. सिगारच्या तोंडाकडं पानाचीच एक गोल टोपी चिकटवलेली असते, तेवढीच उडवायची असते. अडकित्त्यानं ती इतकी सफाईनं उडाली की मला माझाच अभिमान वाटला. आत पानांच्या घड्या दिसत होत्या, एकात एक दुमडलेल्या, मध्ये हवेला बारीक वाट ठेवून. कुणाच्या तरी बोटांनी ती वाट मोजूनमापून ठेवली होती. काड्यापेटी वाऱ्यानं छळली, पण शेवटी टोक शेकलं, कडेनं लाल रेघ धरली, आणि मी पहिला झुरका घेतला.

आता खरं सांगतो, छान होती. धूर जड होता, पण घशाला टोचत नव्हता. जिभेवर आधी काहीतरी गोडसर, मग टाळूला कोरडेपणा. लेदर होतं का? ते मी कसं सांगणार! मी कोल्हापूरचा माणूस. लेदर आमच्या पायात असतं, नवं असताना करकर वाजतं. त्याची चव घेऊन बघायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. आणि शेवटी मिरी जाणवणार होती म्हणे. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला मिरी जाणवायची म्हणजे मिरीनं जरा अंगात आणलं पाहिजे. पण तिथवर मी पोचलोच नाही.

"काय जळतंय रं?"

जिन्याच्या दारात आबा. वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला टोपी, धोतर एका हातानं वर धरलेलं. लेकीकडं राहतात. उभी हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलेली. पाऊस उघडला की ढग बघायला वर येतात, हे मी विसरलो नव्हतो, फक्त गुडघ्यांच्या भरवशावर होतो. लिफ्ट गच्चीपर्यंत येत नाही.

"सिगार आहे, आबा."

"तंबाखू हाय."

"तंबाखूच. पण क्युबाची."

"कुठल्या शिवारातली?"

"क्युबा म्हणजे देश आहे, आबा. अमेरिकेच्या खाली."

"द्येश न्हाई इचारला. निपाणीची म्हणून सगळी एकच असती व्हय? नदीकाठची येगळी, माळाची येगळी. ही कुठली?"

मी मुकाट्यानं फोन काढला आणि मेहुण्याचा मेसेज वाचला. पिनार देल रिओ प्रांत, त्यात सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस ही गावं. आबांनी मान डोलावली, जणू दोन्ही गावांत त्यांची सोयरीक आहे.

"आन हिकडं."

वास घेतील आणि परत देतील, या समजुतीनं मी पुढं केली. आबांनी ती घेतली, निखाऱ्याकडं बघितलं, आणि ओल्या कठड्यावर टोक दाबून फिरवलं. चर्र झालं. मेहुण्यानं अजिबात करू नका म्हणून सांगितलेली एकमेव गोष्ट त्यांनी पहिल्या मिनिटात करून दाखवली.

"आबा! अहो, अजून अर्धीसुद्धा..."

"जळालेली काय कळती? धूर झाला की समदी तंबाखू येकच."

मग ते खाली बसले, जळकं टोक नखानं खुडून टाकलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कोहिबाचं वरचं पान नखानं सोडवायला घेतलं. पिवळ्या-काळ्या पट्टीचा कागद आधी माझ्या हातात दिला, 'हे तुला ऱ्हाऊ दे' म्हणून. पान धोतरावर पसरलं. उजेडाकडं धरलं.

"ह्ये सावलीत वाडीवलंय. शिरा बघ कशा बारीक. उनातलं पान असं ऱ्हाईल व्हय?"

हे बरोबर होतं, आणि तेच मला जास्त लागलं. क्युबात वरच्या वेष्टनाच्या पानासाठी अख्ख्या शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात. मेहुण्याच्या मेसेजमध्ये ते होतं, मी कंटाळून गाळलं होतं. आबांनी मग आतली पानं एकेक करून कठड्यावर मांडली. "ह्ये खालचं पान. ह्याला चव न्हाई, नुसतं जळायला घालत्यात. ह्ये मधलं, वासासाठनं. आन ह्ये शेंड्याकडचं, काळं. जोर ह्यात. शेंडा खुडला की झाडाचा समदा जोर वरच्या पानात उतरतोय." व्होलादो, सेको, लिगेरो. तीन नावं मी आठवडाभर पाठ करत होतो, कुणी विचारलं तर सांगता यावीत म्हणून. विचारलं कुणी नाहीच.

मग कमरेची चंची सुटली. शेंड्याचं पान तळहातावर चुरलं गेलं, त्यात काडी निघाली ती फेकली गेली, चुन्याच्या डबीत अंगठा बुडाला. मळणी सुरू झाली. मी म्हणालो, आबा, ही अशी खात नाहीत. ते म्हणाले, "तुमी ओढताय, आमी काय बोललो?" दोन थापट्या मारल्या. तीनदा आंबवलेली, पिंपात निजवलेली, समुद्र ओलांडून आलेली माझी सिगार आबांच्या खालच्या ओठात जाऊन बसली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही खुर्चीत बसून राहिलो. निकाल ऐकायचा नव्हता, पण उठवत पण नव्हतं. शेवटी कठड्यावरून खाली पिचकारी गेली. खाली कुणाची तरी गाडी होती, ते प्रकरण वेगळं.

"उबवलीया ब्येस. खरं जोर न्हाई. मिसरीला बरी."

राग गिळायला म्हणून मी विषय बदलला. म्हटलं, आबा, हवानातल्या कारखान्यात सिगार वळणाऱ्यांना एक माणूस उंचावर बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवतो. 1865 पासूनची पद्धत आहे. वाटलं, म्हातारा जरा तरी चकित होईल.

"आमची म्हातारी विड्या वळायची," आबा म्हणाले. "हजारावर मजुरी. मुकादम हजारातल्या मूठमूठभर छाटून बाजूला टाकायचा, वाकडी हाय म्हणून. त्येचं पैसं न्हाईत. आन छाटलेल्या बी इकायचाच की." मग थोडं थांबून, "वाचायला कुणी न्हवतं. मुकादमच दिसभर बोलायचा."

यावर काय बोलणार! माझ्या सिगारबद्दल हळहळायचा माझा हक्कच त्यांनी काढून घेतला. हे मला अजून पटलेलं नाही. दुसऱ्याचं दुःख मोठं निघालं म्हणून आपलं लहान दुःख नुकसानीत का धरायचं नाही? मला फक्त एक तास हवा होता. या गावात एकट्यानं कटिंग प्यायला बसलं तरी शेजारचा बाकावर सरकून 'तब्येत बरी हाय न्हवं?' विचारतो. मिसळ मागवली तर पलीकडचा सांगतो, कट आधी चाखून बघा. गाडी पंक्चर झाली की चार जण पाना कसा धरायचा ते दाखवतात, धरत एकही नाही. लोक याला आपुलकी म्हणतात. म्हणोत. सिगार त्यांची गेली नव्हती.

आणि मग फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मेहुण्याला दुबईत बसून नेमकी तीच वेळ सापडली.

"काय दाजी, कोणत्या भागात आहात?"

मी उत्तर जुळवतोय तोवर आबांनी मान वळवून पडद्यात तोंड घातलं आणि तोंडातला बार गालाकडं सरकवून सगळं सांगितलं. खालचं पान, मधलं पान, शेंडा, सावली, उबवण. उबवताना ढिगाच्या आत हात घालून ऊब कशी बघायची, तेही सांगितलं. एक्क्याऐंशीच्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसलो होतो, तेही सांगितलं. मेहुणा पलीकडं तोंड उघडं टाकून ऐकत होता. माझं ऐकताना त्याचं तोंड असं कधी उघडं राहिलेलं मी बघितलेलं नाही.

"आबा," तो शेवटी म्हणाला, "पुढच्या वेळी तुमच्यासाठी पंचवीसचा अख्खा बॉक्स आणतो. तुम्ही खरे दर्दी."

"कडक आन," आबा म्हणाले.

"आणि दाजी, तुम्हाला काय आणू? परफ्यूम चालेल?"

मी हो म्हणालो. कठड्यावर उरलेली दोन जातीची पानं आबांनी गोळा करून चंचीत भरली, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पाण्याला किती फूट झालं ते विचारत खाली गेले. माझ्या हातात तो पट्टीचा कागद. आता सकाळी लिफ्टपाशी भेटले की ते चंची सोडतात आणि मोठ्या मनानं म्हणतात, "घे की लेका चिमूटभर. क्युबाची हाय."