‘भोपळा + काठी + चार तारा’: तंबोऱ्याच्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. आमच्या गाण्याच्या ग्रुपवर आला तेव्हा खाली टाळ्यांची रांग लागली म्हणून हे लिहायला बसले. मजकूर साधारण असा: मिरजेचा तंबोरा म्हणजे बाजारातला वाळका भोपळा, त्याला एक काठी आणि चार तारा, सामान दोन हजारांचं आणि बिल पस्तीस हजारांचं. ‘हाताने बनवलेला’ हे नुसतं मार्केटिंग. ‘तुमच्या आवाजासाठी खास’ म्हणजे वर नाव कोरून देतात, बाकी सगळे एकाच मापाचे. जवारी म्हणजे हाडाचा तुकडा पॉलिश पेपरने घासायचा, यूट्यूब बघून घरी होतं. ॲपमध्ये तोच आवाज फुकट मिळतो. घ्यायचाच तर जुना घ्या, जुनं ते सोनं. आणि शेवटी, ऑर्डर दिल्यावर महिनोन्‌महिने थांबवतात ते उगाच भाव खायला.

मी गाणं शिकवते, घरात तंबोरे आहेत, मिरजेला जाणं-येणं असतं, दुकान नाही आणि कमिशनही नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे कमेंटमध्ये कुणी विचारायला नको.

भोपळ्यापासून सुरू करू. बाजारातला भोपळा म्हटलं की आपल्याला घारग्यांचा लाल भोपळा दिसतो, तो वाळवून बघा काय होतंय ते, कुजून वास सुटेल. तंबोऱ्याचा भोपळा ही दुधीची जात, फक्त कडू आणि प्रचंड मोठी, भाजीच्या काही कामाची नाही. पंढरपूर, मंगळवेढा त्या भागात भीमेच्या काठाला शेतकरी हा खास वाद्यांसाठी लावतात. वेलावर असतानाच त्याची बैठक सांभाळावी लागते, कारण एका कुशीवर कलंडून वाढला की ती बाजू चपटी होते आणि मग तो तंबोऱ्याला चालत नाही. पुरुषी तंबोऱ्याला घेर पन्नास इंचांच्या आसपास लागतो, तेवढा मोठा, गोल, सारख्या जाडीचा, डाग नसलेला भोपळा शेतात किती निघणार? त्यात अवकाळी पाऊस आला किंवा नदीला पूर आला तर त्या वर्षीचा मालच गेला. मोठे भोपळे कारागीर आधीच उचलून माळ्यावर टांगून ठेवतात ते उगाच नाही.

आणि वाळला म्हणजे लगेच तयार असंही नाही. वरचा भाग कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि ओला आहे तोवर आतून बांबूच्या कामट्या लावून तोंड ताणून धरायचं म्हणजे परत वाळताना हवा तो आकार धरतो. कामट्या कुठे किती ताणायच्या हे हाताला कळतं, जास्त ताणला की तडा. दोन हजारांच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात धरलंय ते फॉरवर्डवाल्यालाच विचारायला हवं.

आता ‘सगळे एकाच मापाचे’. हा मुद्दा वाचून मला खरंच हसू आलं, कारण भोपळाच साच्यात वाढत नाही तर पुढचं सगळं साच्यात निघणार कसं! मिरजेत काम उलट्या दिशेने चालतं, आधी भोपळा निवडायचा आणि मग बाकीचं लाकूड त्याच्या मापाने कापायचं. भोपळा आणि दांडी यांच्यामधला लाकडी गळा त्याच भोपळ्याच्या कडेला बसेल असा घासत घासत आणतात. तोंडावर बसणारी तबली सपाट फळी नसते, तिला हलका फुगवटा असतो आणि तो कोरून काढावा लागतो, मग बोटाने टकटक करून ऐकत ऐकत ती पातळ करत जायची. जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ केली तर तारांच्या ओढीने काही दिवसांत बसते. दांडीसुद्धा आतून पोकळ असते (काठी म्हणणाऱ्याने बहुतेक कधी उचलूनच बघितलेली नाही), कोरलेल्या पन्हळीवर वरून पट्टी बसवतात. जिथे गळा भोपळ्याला भेटतो तिथे बाहेरून लाकडाची कोरीव पानं चिकटवतात, ती दिसायला नक्षी वाटते पण सांध्यालाही धरून ठेवते. पूर्वी हे सगळं सरसाने चिकटवायचे, आता फेव्हिकॉल. करवतीला आणि ड्रिलला मोटर आलीय, ते खरंय, त्यामुळे ‘पूर्णपणे हाताने’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. पण भोपळ्याला गळा जुळवणारं मशीन मी अजून पाहिलेलं नाही.

आणि ‘तुमच्या आवाजासाठी’ म्हणजे नाव कोरणं नव्हे हो. पुरुष साधारण काळी एक, काळी दोनला (म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीचा सा धरून) गातात, बायका काळी चार, काळी पाचच्या आसपास. म्हणजे तारेची लांबी बदलते, जाडी बदलते, भोपळ्याचा घेर बदलतो. काळी एकच्या मोठ्या तंबोऱ्यावर तारा ओढून काळी चार लावायला गेलात तर तार तुटेल नाहीतर तबलीवर ताण येईल, आणि उलट केलंत तर तार लोंबकळून खरखर येईल, सूर नाही. ऑर्डर देताना चांगला कारागीर आधी तुम्हाला विचारतो, सूर कुठला, पहिली तार पंचमाला लावणार का मध्यमाला का निषादाला, चार तारा हव्यात का पाच का सहा, आडवा मांडीवर घेणार का उभा धरणार, विद्यार्थी वाजवणार का मैफलीला मागे बसणारे. हे काहीच न विचारता थेट नक्षीचा कॅटलॉग पुढे करणारी दुकानं आहेत, नाही असं नाही, आणि फॉरवर्ड लिहिणारा अशाच कुठल्यातरी दुकानात गेला असावा असा मला संशय आहे.

नक्षीबद्दल मात्र त्याला अर्धे मार्क. पूर्वी हस्तिदंत असायचं, ते बंद झालं, आता सेल्युलॉइड किंवा ॲक्रिलिकच्या पट्ट्या बसवतात आणि त्यावर किंमत भराभर चढते. त्याने आवाजाला काडीचाही फरक पडत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी सरळ सांगते की पानं-फुलं-मोर कमी करा, वाचलेले पैसे जुन्या वाळलेल्या लाकडात आणि चांगल्या घोडीत (तबलीवरचा तो तुकडा, ज्याच्यावरून तारा जातात) घाला.

आता जवारी, म्हणजे तारा घुमत्या बोलाव्यात म्हणून घोडीचा माथा घासून जुळवणं. सगळ्यात जास्त राग मला इथे आला, म्हणून जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा गिटारसारखा धारदार नसतो, रुंद असतो आणि त्याला अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच टेकत-सुटत राहते, म्हणजे तार जिथे संपते ती जागाच कंपनाबरोबर पुढेमागे होते. त्यामुळे मूळ सुराची ताकद त्याच तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत, म्हणजे उपस्वरांत, जात राहते आणि तो भुंग्यासारखा, उलगडत जाणारा आवाज येतो. वर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात, तो केसभर इकडेतिकडे केला की स्वर उघडतो किंवा मिटतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा यांच्या याच घोडीवर निबंध लिहिला होता. तार ज्या जागी छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर ऐकूच येता कामा नयेत असा जुना नियम होता, आणि रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात, घोडीच्या त्या उतारामुळे. म्हणजे ज्याला हा माणूस ‘हाडाचा तुकडा’ म्हणतोय त्याने एका नोबेलवाल्याला (नोबेल नंतर मिळालं, 1930 ला) कामाला लावलं होतं.

आता तो उतार काढतात कसा ते बघा. तारा उचलून बाजूला करायच्या, घोडीवर कानस फिरवायची, तीसुद्धा दोन-चार हात, बस. फुंकर मारून पूड उडवायची. तारा परत जागेवर, सूर मिळवायचा, दोरा सरकवायचा, ऐकायचं. जोडाच्या (मधल्या, एकाच सुराच्या) दोन तारा बोलल्या पण खर्ज (सगळ्यात खालच्या सुराची तार) घुमा राहिला, मग परत तारा बाजूला, फक्त खर्जाखालच्या जागेवर एक हात. परत सूर, परत दोरा. असं तासन्‌तास चालतं. मी एका वयस्कर कारागिरांना बघितलंय, घासताना ते घोडीकडे बघतसुद्धा नव्हते, मान एका बाजूला आणि डोळे मिटलेले, आणि मधे नातू काहीतरी विचारायला आला तर हातानेच थांब म्हणाले. चार तारा चार धातूच्या आणि चार जाडीच्या असू शकतात, खर्जाची पितळी किंवा तांब्याची, जोडाच्या पोलादी, प्रत्येकीचा झोल वेगळा, म्हणून प्रत्येकीखालचा उतार वेगळा. आणि काढलेलं परत घालता येत नाही. एक हात जास्त झाला की अख्खा माथा पुन्हा सपाट करून पहिल्यापासून, आणि असं किती वेळा करणार, घोडीची उंचीच संपते.

यूट्यूब बघून कुणी केलं तर होतं का? आवाज येतो, हो. पत्र्यासारखा झणझणीत येतो आणि चार दिवसांनी बंद पडतो. बरं, जवारी कायमची टिकत नाही हे बरोबर आहे, पोलादी तार घोडीत घर करते, वापराप्रमाणे काही महिन्यांनी किंवा वर्ष-दोन वर्षांनी परत काढावी लागते. शिकायची तर जरूर शिका, पण जुन्या टाकाऊ घोडीवर, आणि कुणाच्या तरी शेजारी बसून.

ॲप. इथे मी भांडणार नाही फारसं, माझ्याही फोनमध्ये आहे, रेल्वेत, हॉटेलात, सकाळी सहाला शेजारी झोपलेले असताना त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण ‘तोच आवाज’ म्हणताना एक लक्षात घ्या, चांगल्या ॲपमधले आवाज खऱ्या तंबोऱ्यांचं रेकॉर्डिंग करूनच घेतलेले असतात. कुणीतरी भोपळा निवडला, कुणीतरी जवारी काढली, म्हणून तुमच्या स्पीकरमधून ते येतंय. शिवाय फोनच्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, तेवढा खालचा सूर त्याला झेपत नाही, वरचे उपस्वर ऐकून आपला कान खर्ज भरून काढतो. खऱ्या तंबोऱ्याला गाल लावून बसलेल्या मुलाला खर्जाच्या तारेतून वर उमटणारा गंधार ऐकवा, म्हणजे तारेचा पाचवा उपस्वर. आमच्याकडे दहा वर्षांची पोरंसुद्धा ‘बाई, ग ऐकू आला’ म्हणून ओरडतात. आणि तंबोरा मिळवायला शिकणं हा रियाजच आहे, ॲपमध्ये ते काम बटण करतं. ज्याने स्वतः जोड जुळवला नाही त्याचा षड्ज कच्चा राहतो असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या.

‘जुना घ्या’ हा सल्ला धोक्याचा आहे. लाकूड जुनं चांगलं, मान्य, म्हणून तर कारागीर तूनचं लाकूड (मिरजेत त्याला लाल देवदार म्हणतात) आणून वर्षानुवर्षं वाळत ठेवतात. पण जुना तंबोरा म्हणजे बाक आलेली दांडी, कीड लागलेला भोपळा आणि वरून नवं पॉलिश, असंही निघतं. घेणार असाल तर आत टॉर्च मारून बघा, भोपळ्यावरून बोट फिरवून पूड पडते का बघा.

राहिलं मार्केटिंग आणि वेळ. मिरजेतलं हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळातलं, शिकलगार घराण्याचं, म्हणजे आधी तलवारी-भाल्यांना धार लावणारी माणसं. राजेरजवाडे शस्त्रं ठेवायचे थांबले तशी ही मंडळी वाद्यांकडे वळली, फरीदसाहेब शिकलगार हे त्यातलं मूळ नाव, आणि ज्यांच्या घरात ते काम चालत राहिलं त्यांचं आडनाव पुढे सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेल्यावर त्यांना इथल्याच मीरासाहेब दर्ग्यात दफन केलं. म्हणजे गाणारे आणि बनवणारे एकाच गावात, सकाळी तंबोरा दिला की संध्याकाळी तक्रार दारात. अशा ठिकाणी नुसत्या मार्केटिंगवर माल खपला नसता. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं, पण त्याने त्या गल्लीतली तरुण पोरं नोकरीकडे वळायची थांबलेली नाहीत, कारण महिनाभर राबून हातात काय उरतं ते त्यांना घरातच दिसतं. पस्तीस हजारांतले किती कारागिराच्या हातात आणि किती मोठ्या शहरातल्या शोरूमच्या, हा फॉरवर्ड असता तर मीच पहिला शेअर केला असता.

थांबवतात कारण भोपळा हवा तो मिळेपर्यंत काम सुरूच होत नाही, भिजवलेला भोपळा पूर्ण वाळायला हवा, पावसाळ्यात पॉलिश धड बसत नाही, आणि तारा चढवल्यावर तबली काही दिवस बसायला द्यावी लागते, मगच शेवटची जवारी. ‘आठ दिवसांत देतो’ असं कुणी म्हणालं तर समजा आधीच भिंतीला टांगलेला काढून देणार आहे, तोही वाईटच असेल असं नाही, फक्त मग खास तुमच्यासाठी बनवल्याचे जादा पैसे देऊ नका. आणि जोडी हवी असेल तर दोन्ही एकदमच सांगा, एक आज आणि एक दोन वर्षांनी असं केलंत तर पहिल्याला जुळणारा भोपळा शोधत फिरावं लागतं.