संगीताचा तास वाचनाला द्यावा, या म्हणण्याला उत्तर

पुण्यातील आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरला आणि अनेकांनी तो उचलून धरला. त्याचा आशय असा: मोझार्टचे संगीत ऐकून मुले हुशार होतात हे खोटे ठरले आहे, तेव्हा प्राथमिक वर्गांतील संगीताचा तास बंद करून तो वाचनाला द्यावा; ज्यांना हौस असेल त्यांनी बाहेर क्लास लावावा. मी तिसरीला मराठी शिकवते, म्हणून हे लिहीत आहे.

मोझार्टबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. ज्यावरून ही समजूत पसरली, तो मोझार्ट ऐकवण्याचा १९९३ सालचा प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला आणि त्याचा परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकला. पण त्यात लहान मुले नव्हती, भाषा नव्हती आणि गाणे शिकणेही नव्हते.

‘तोच वेळ वाचनाला दिला तर भाषा अधिक सुधारेल’ हा मुद्दा मात्र वरवर बिनतोड वाटतो. पण नेमकी हीच तुलना बीजिंगमधील एका अभ्यासात झाली असून तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चार-पाच वर्षांच्या ७४ मुलांपैकी काहींना सहा महिने पियानो शिकवला, काहींना जादा वाचन दिले, उरलेल्यांना जादा काहीच दिले नाही. व्यंजनांच्या फरकावरून शब्द वेगळे ओळखण्यात पियानो शिकणारी मुले वाचनाच्या गटापेक्षाही सरस ठरली. बुद्ध्यांकात मात्र तिन्ही गटांत फरक दिसला नाही, हे संगीताची बाजू घेणाऱ्यांनीही लपवू नये.

गाण्याने ध्वनी ओळखण्यात पडणारा फरक मी वर्गात पाहिला आहे. एक मुलगा ‘पाठीवर’ऐवजी ‘पाटीवर’ लिहीत असे आणि दहा-दहा वेळा लिहून घेऊनही चूक जात नव्हती. संगीताच्या बाईंनी त्याला तोंडासमोर तळहात धरून, ‘ठी’ लांबवून ओळ गायला लावली. श्वास हाताला लागला तेव्हा त्याला दोन अक्षरांतला भेद पहिल्यांदा कळला. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. पण वृत्तातली ओळ टाळीवर म्हणताना लघूला एक मात्रा आणि गुरूला दोन द्याव्या लागतात, आणि चुकले की सगळ्या वर्गाची ओळ अडखळते. वहीतली लाल खूण मुलाला इतक्या लवकर काही सांगत नाही.

राहिला बाहेरचा क्लास. १९३२ साली गायक विनायकबुवा पटवर्धनांनी जिथे गांधर्व महाविद्यालय ही संगीताची शाळा काढली, त्या पुण्यात शिकवणाऱ्यांना तोटा नाही. पण माझ्या वर्गातील काही मुलांचे आईवडील बांधकामावर जातात. फी सोडाच, संध्याकाळी मुलाला नेऊन आणायलाही घरी कोणी नसते. त्यांतल्या दोघींच्या घरी मराठी बोलत नाहीत. वर्गात प्रश्न विचारला की त्या मान खाली घालत. त्यांचे पहिले अख्खे मराठी वाक्य मी ऐकले ते भोंडल्याच्या गाण्याची तयारी चालली असताना, पेटीच्या सुरावर, इतर तीस जणांच्या आवाजात.