पीळ

यंदा गणेश चवथीला मुलगा पुण्याहून गोव्याला येताना गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायला काहीतरी आणेल अशी आमची अपेक्षा होती. त्याने चार चाकं आणली. दोन डिकीतून निघाली आणि दोन मागच्या सीटवरून. सीटवरच्या दोघांना पट्टा लावलेला होता.

"बाबा, अलॉय!" तो म्हणाला. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं.

आमची गाडी बारा वर्षांची वॅगन-आर. लोखंडी चाकं आणि त्यांवर प्लॅस्टिकच्या ताटल्या. एक ताटली साखळी गावच्या बाजारात पडली, दुसरी चोर्ला घाटात. उरलेल्या दोन एकाच बाजूला लावून आम्ही डिचोलीत तीच बाजू लोकांना दिसेल अशी गाडी उभी करत असू. तेव्हा नवी चाकं नकोत असं काही मी म्हणणार नव्हतो. "जुन्यांना काय झालं होतं? फिरत होती की," एवढंच बायको म्हणाली आणि नारळ किसायला आत गेली.

चाकांबरोबर सोळा नटांची एक पेटी होती. आत मखमल, मखमलीत निळे चकचकीत नट. इतक्या कौतुकाने ठेवलेली वस्तू मी याआधी फक्त सोनाराकडे पाहिली होती. पेटीवर 'युनिव्हर्सल' असं छापलं होतं. बत्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाने हा शब्द वाचून तिथेच सावध व्हायला हवं होतं. एका वर्गातल्या तीस मुलांना एक पाटी चालत नाही, आणि हे नट म्हणे जगातल्या सगळ्या गाड्यांना चालणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कामाला सुरुवात झाली. भाद्रपदातली ओली तांबडी माती, त्यात जॅक रुतू लागला. मग जॅकखाली फळी, फळीखाली आणखी एक फळी. गाडी उचलल्यावर मुलगा नट फिरवायला गेला, तर नटासकट चाकच फिरू लागलं. नट आधी जमिनीवर सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी त्याला स्वतः शिकू दिलं. खरं सांगायचं तर मीही विसरलो होतो.

गाडी खाली घेतली. आता नट हलेनात. समुद्राची खारी हवा आणि तीन महिन्यांचा पाऊस या दोघांनी मिळून त्यांना स्टडशी, म्हणजे चाक ज्यांवर अडकतं त्या आटेदार दांड्यांशी, एकजीव करून टाकलं होतं. एव्हाना पाववाल्या पोदेराची सायकल थांबली होती, दूधवाला थांबला होता आणि प्रत्येकाकडे एक उपाय होता. दूधवाला खोबरेल सोडायला सांगत होता. पोदेर म्हणाला, उन्हाळ्यातला थोडा हुर्राक, म्हणजे काजूची दारू, उरला असेल तर तो ओता. थोडा उरला होता, पण त्याच्यावर माझा वेगळा विचार होता.

तेवढ्यात शेजारचे भाई कुंपणावरून आले. भाई पूर्वी खाणीवर टिप्पर चालवायचे. 2012 साली खाणी बंद पडल्या, टिप्पर गेला, पण टिप्परचा एक पाइप भाईंकडे राहिला. सव्वा मीटर लांब, लोखंडी. खाणी मधल्या काळात सुरू झाल्या, पुन्हा बंद पडल्या, पण पाइप बेकार राहिला नाही. गावात कुणाचं काही अडलं की भाई पाइप घेऊन येतात. विहिरीचा रहाट, पंपाचा व्हॉल्व्ह, एकदा तर देवळाच्या कोठीचं कुलूप.

पाइप व्हीलपान्यावर चढला, भाई पाइपवर चढले, आणि कर्रर्र आवाज करत सोळाच्या सोळा नट सुटले. टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या. आम्ही इथेच थांबायला हवं होतं.

नवा निळा नट मुलाने स्टडवर लावला. अडीच फेरे छान गेला आणि थांबला. दुसरा लावला, तोही अडीच फेऱ्यांवर थांबला.

"नवे आसात, म्हूण घट," भाई म्हणाले. "पाइप हाड." मुलाने तो आणून दिला.

पुढचं मी डोळे मिटून ऐकलं. आधी करकर, मग खरखर, मग एकदम काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा निळा नट मजेत गोल गोल फिरत होता, धड आत जात नव्हता आणि धड बाहेरही येत नव्हता. त्याच्या कडेने चकचकीत लोखंडी कीस बाहेर आला होता. आत बायकोच्या किसणीवर नारळाचा निघत होता, अगदी तसाच बारीक.

"आता सामको घट बसलो," भाई समाधानाने म्हणाले.

गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. तिसरीत आणि चौथीत माझ्याकडे होता, शेवटच्या बाकावर. त्याचा डावा कान मी किती वेळा पिळला असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्याच्याकडे असावा. निरोप मिळताच चवथीची गडबड सोडून तो स्कूटरवरून आला, त्या निळ्या नटाकडे पाहिलं आणि अगदी मृदू आवाजात म्हणाला, "मास्तर, हे नट तुमचे न्हय."

"म्हणजे?"

"ह्युंदाय, टोयोटा, होंडा, असल्या गाड्यांचे. त्यांचे आटे दीड मिलीमीटरचे. तुमची सुझुकी. तिचे सव्वाचे."

त्याने खिशातून एक जुना नट काढला आणि निळ्याच्या शेजारी धरला. दोन्ही बारा मिलीमीटर स्टडचे, भोक सारखंच, बाहेरून जुळे भाऊ. फरक आतल्या रेघांमध्ये. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत एकात सव्वा मिलीमीटर, दुसऱ्यात दीड. पाव मिलीमीटरचा फरक. माझ्या चष्म्याला तो दिसलाच नाही.

"आठवतं मास्तर, तुम्ही दुरेघी वही आणायला सांगायचा आणि मी चौरेघी आणायचो? पहिली दोन अक्षरं बसायची, मग सगळं रेघांच्या बाहेर. हे तसंच. पहिल्या फेऱ्यात पाव चुकतो, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात अडकतो. तिथे जोर केला की ज्याचं लोखंड मऊ त्याचे आटे जातात."

त्या वहीसाठी मी त्याला वर्गाबाहेर उभा केला होता. विषय बदलायला मी विचारलं, "मग सव्वाचे नट आणले की झालं?"

झालं नव्हतं. नटाचं बूड बघायचं असतं. बहुतेक नट खालून निमुळते असतात, साठ अंशांच्या शंकूसारखे, आणि चाकाच्या भोकालाही तसाच उतार असतो. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोल बुडाचे लागतात. टोयोटाच्या बऱ्याच अलॉयना सपाट बुडाचे, खाली वॉशर असलेले. गोल बुडाचं मडकं चुंबळीवर बसतं, निमुळत्या खळग्यात ठेवलं तर एका कडेवर टेकून राहतं. चाकाचंही तसंच होतं. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो सुतभर, आणि दहा-बारा दिवसांत सैल होतो.

भाईंना हे पटलं नाही. "आमच्या टिप्पराक असले लाड नासले," ते म्हणाले. जुन्या काही ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असायचे, एवढी माहिती मात्र त्यांनी दिली, आणि ती खरी होती. फोक्सवॅगनला आणि स्कोडाला नट नसतोच, बोल्ट असतो, असं गॅरेजवाल्याने सांगितल्यावर भाई क्षणभर गप्प बसले. स्टडच नाही म्हणजे चाक अडकवायला काही नाही. एका पायाने चाक उचलून धरायचं, भोकाला भोक मिळवायचं आणि बोल्ट आत घालायचा. "ताका बायल जाय मदतीक," भाई म्हणाले. म्हणजे मदतीला बायको हवी. आतून किसणीचा आवाज थांबला होता.

आटे गेलेला स्टड काढायला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागावर, हातोड्याचे चार घाव पडले. तो मागून ठोकून बसवलेला असतो, त्याला बारीक दाते असतात. नवा मागून घालून, समोर वॉशर आणि नट लावून ओढून घेतला. या कामात मुलगा फारच शांत होता. निळे नट मखमलीत परत गेले. त्यांच्याबरोबर एक फुलासारखी चावी आली होती, तिच्याशिवाय ते चोराला काढता येत नाहीत म्हणे. ज्या घरात चष्मा डोक्यावर असताना शोधला जातो, तिथे पंक्चर झालं की ते आम्हालाही काढता आले नसते.

गॅरेजवाल्याने साधे काळे नट आणले होते. बारा मिलीमीटर, सव्वाचे आटे, निमुळतं बूड. आमचा व्हीलपाना अलॉयच्या भोकात शिरेना, भोकं अरुंद. त्याने पातळ भिंतीचा सॉकेट काढला आणि तोही आमच्या डिकीत ठेवला. नाहीतर स्टेपनी लावायची वेळ यायची आणि पाना बाहेरूनच चाकाला नमस्कार करून परत यायचा.

"आता हाताने लावा मास्तर. पाना नाही. आणि फेरे मोजा."

मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. चौथ्याला मी थांबलो, सवयीने. त्याने पुढे मोजायची खूण केली. अलॉय चाक भोकापाशी लोखंडी चाकापेक्षा जाड असतं, त्यामुळे नटाला स्टडचा तुकडा कमी मिळतो. स्टड जितका जाड तितकी लांबी तरी आत जायला हवी. बाराला सव्वाने भागा. साडेनऊच्या वर, म्हणजे दहा फेरे. मी अंगणात उकिडवा बसून दहा मोजले, विद्यार्थी वर उभा राहून ऐकत होता. पोदेर अजून गेला नव्हता.

मग समोरासमोरचे नट, आलटून पालटून. ओळीने एकामागून एक घट्ट केले तर चाक एका बाजूला तिरकं बसतं. मग गाडी खाली, आणि शेवटचा पीळ.

भाई पाइप घेऊन पुढे आलेच.

गॅरेजवाला त्यांच्यासमोर अदबीने वाकला, पण पाइपवर हात ठेवून. "भाई, टिप्परच्या नटाला पाचशे-सहाशे न्यूटन-मीटर लागतात. या गाडीला शंभराच्या आसपास. पुस्तिकेत असेल तेवढेच." एक मीटर लांब दांडीच्या टोकाला दहा किलोचं पोतं लटकवलं की होतो तेवढा पीळ. आमचा पाना एक फुटाचा, त्यावर साधारण तेहतीस किलो पुरेत. भाई पंच्याऐंशी किलोंचे. ते नुसते पान्यावर उभे राहिले तरी अडीचशे, पाइपवर उभे राहिले तर हजार. स्टड हा खरं तर एक ताठ स्प्रिंग. तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबला दाबून धरतो. जास्त ताणला की परत येत नाही. आट्यांना खोबरेल लावलं तरी तोच घोटाळा, नट सुळकन फिरतो आणि तितक्याच जोरात स्टड भलताच ताणला जातो. दूधवाल्याने दुसरीकडे पाहिलं.

भाई पाइप टेकून ओट्यावर बसले. वाईट वाटलं. त्या पाइपने सकाळीच सोळा नट सोडवले होते.

गॅरेजवाल्याने टॉर्क पाना काढला. लांब, जड, दांड्यावर आकडे. आकडा लावायचा, हळू ओढायचं, ठरलेला पीळ झाला की आतून टक् असा आवाज येतो. मुलाने चार नट केले, टक् टक् टक् टक्. भाईंनाही एक दिला. त्यांनी तो दोन बोटांनी ओढला, टक् झालं, आणि ते तोंड वाकडं करून म्हणाले, "हें घट कशें जातलें?" तरी दुसऱ्या चाकालाही तेच बसले.

"शंभर किलोमीटर चालवा, मग आणा. पुन्हा बघायला लागतं," गॅरेजवाला निघताना म्हणाला. शंभर किलोमीटर म्हणजे आमच्याकडे चेष्टा नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ मोजलं तर गोवा जेमतेम तेवढाच भरतो. तरी चवथीत म्हार्दोळला मेव्हणीकडे, म्हापशाला मामेभावाकडे, काणकोणला व्याह्यांकडे, अशी दहा घरचे मोदक-नेवऱ्या खात आम्ही ते पूर्ण केले. प्रत्येक घरी बायको सगळ्यांना नवी चाकं दाखवायला बाहेर घेऊन येत होती.

विसर्जनानंतर मी एकटाच गॅरेजात गेलो. त्याने टॉर्क पाना माझ्या हातात दिला. "तुम्हीच बघा मास्तर."

मी ओढला. टक् झालं. मी आणखी थोडा ओढला.

"मास्तर," तो म्हणाला, "टक् म्हणल्यार पुरो."

त्याचा डावा हात कानाकडे गेला होता. ग्रीस लागलं असेल, ते पुसायला.