धडधाकट शेळीचं औषधपाणी

आजारी शेळीला औषध पाजायला काही लागत नाही. ती मान टाकून बसलेली असते, तोंड उघडलं तर उघडू देते. पण दहा-बारा शेळ्या सांभाळायच्या म्हटल्या की बहुतेक औषधपाणी धडधाकट शेळ्यांचंच करावं लागतं, आणि आपल्याला काहीही झालेलं नाही हे धडधाकट शेळीला पक्कं ठाऊक असतं. या मुद्द्यावर ती चारही पायांनी वाद घालते.

पहिला वाद वजनाचा. जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. नुसत्या नजरेनं अंदाज बांधू नये, तो बहुधा कमीच निघतो. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 10,840. घेर 70 आणि लांबी 60 भरली तर शेळी सुमारे 27 किलोची. हिशेबात खोट नाही. फक्त शेळी तोवर उभी राहील असं त्यात धरलेलं आहे. तुम्ही टेप मागे नेता तेव्हा टेपचं पुढचं टोक तिच्या तोंडात असतं.

अडीच टक्के अल्बेंडाझोल या जंतनाशकाच्या एका मिलीत 25 मिलिग्रॅम औषध असतं. डॉक्टरांनी किलोला 10 मिलिग्रॅम सांगितलं असेल, तर या शेळीला जवळपास 11 मिली लागेल. बाटली पुरवून पुरवून वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की कमी मात्रेनं सगळे जंत मरत नाहीत, आणि उरतात ते औषध पचवणारे. शिवाय शेळीचं शरीर मेंढीपेक्षा लवकर औषध बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला बऱ्याचदा पुरत नाही. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, गर्भाला धोका असतो.

आता पाजणं. शेळी दोन गुडघ्यांत धरा, मान जमिनीला समांतर ठेवा. हनुवटी आभाळाकडे केली की औषध पोटाऐवजी फुप्फुसात जातं आणि जंतांसाठी आणलेल्या औषधानं न्यूमोनिया होतो. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून सिरिंज आत घाला, टोक जिभेवर मागच्या बाजूला न्या आणि हळूहळू दाबा. मग गिळल्याची खात्री होईपर्यंत सोडू नका. शेळी गालात औषध धरून साळसूदपणे तुमच्याकडे बघत राहते; तुम्ही वाकलात की ते सदऱ्यावर.

दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला सरसकट पाजायची पद्धत मला पटत नाही. आधी पापणी बघावी. पावसाळ्यात वाढणारा हिमोंकस हा जंत रक्त पितो, तेव्हा खालच्या पापणीची आतली बाजू फिकट पडत जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मलान यांच्या नावावरून ओळखला जाणारा ‘फमाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता याचसाठी आहे. त्यात लालभडक ते पांढरीफटक अशा पाच पायऱ्या आहेत. चौथी किंवा पाचवी दिसली की पाजायलाच हवं. बघायचं मात्र उन्हाच्या उजेडात. गोठ्यातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच शेळ्या तिसऱ्या पायरीवर वाटतात.

आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी. पहिल्यांदाच टोचत असाल तर 14 दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, आणि ती हमखास राहते, कारण तोवर पेरणीची घाई लागलेली असते. कोवळा लुसलुशीत चारा किंवा धान्य एकदम पोटात गेलं की आतड्यातले जिवाणू भराभर वाढून विष सोडतात. हा रोग हावऱ्यांना आधी गाठतो. काल उड्या मारणारं सगळ्यात गुबगुबीत करडू सकाळी ताठ झालेलं दिसतं, आणि शेजारचे म्हणतात दृष्ट लागली. दृष्ट काढायला हरकत नाही, पण लस आधी.

पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग, याची लस चार महिन्यांपुढच्या करडांना, कातडीखाली 1 मिली. तिची प्रतिकारशक्ती तीन वर्षं टिकते. पण कुपीत 50 किंवा 100 मात्रा असतात आणि द्रावण कालवलं की एक-दोन तासांत संपवावं लागतं. दहा शेळ्यांसाठी कुपी फोडणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून आळीतल्या सगळ्यांना सकाळी गाठायचं, बर्फाचा थर्मास सावलीत ठेवायचा आणि टोचलेल्या शेळीच्या पाठीवर रंगाची रेघ ओढायची. न टोचलेल्या शेळ्या गर्दीत टोचलेल्यांसारखा चेहरा करून फिरतात.

राहिले खूर. मुरमाड माळावर चरणाऱ्यांचे आपोआप झिजतात, गोठ्यातल्यांचे दीड-दोन महिन्यांनी छाटावे लागतात. पाऊस पडल्यावर ते मऊ असतात, तेव्हा कात्री सहज चालते. आत वळलेली कड थोडी थोडी कापा, गुलाबी रंग दिसू लागला की थांबा, त्यापुढे रक्त. खूर सडत असतील तर पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यात उभं करायचं, म्हणजे 10 लिटरला अर्धा किलो. घमेलं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाला मोरचूद खातं. आणि आधी शेळ्यांना पोटभर साधं पाणी दाखवा. मोरचूद पोटात गेलं तर विषच, आणि गोड चवीचं जंताचं औषध थुंकणारी शेळी या निळ्या पाण्यात मात्र न बोलावता तोंड घालते.