धीरूभाईंनी स्वतःच्या मुलांना कुठे शिकवलं?

परवा रात्री दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली माझ्या भाचीला लिहिलं, 'वाच आणि विचार कर.' पोरीचा सीईटीचा स्कोअर चांगला आलाय, कॅप राउंडचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीचा फॉर्म भरायचा राहिलाय. मेसेज तुमच्याकडेही आला असेल. बिल गेट्स आणि धीरूभाईंकडे डिग्री नव्हती. वडापाववाला महिन्याला 3 लाख कमावतो, इंजिनिअर 15 हजारांवर राबतो. शिकलेलेच जास्त बेकार आहेत. म्हणून कॉलेजचे 4 लाख एफडीत टाका, मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील.

हा मेसेज मी आजवर कितीदा तरी वाचून सोडून दिला. आता तो एका हुशार पोरीच्या वाटेत आडवा आलाय, म्हणून लिहितोय.

गेट्स यांचं आधी उरकतो. त्यांनी 1975 मध्ये हार्वर्ड सोडलं, हे खरं. पण सोडण्याआधी त्यांना तिथे प्रवेश मिळाला होता. वडील वकील, आणि 1968 साली, जेव्हा बहुतेकांनी कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता, तेव्हा त्यांच्या शाळेत मुलांना तो वापरायला मिळत होता. आमच्या तासगावातल्या किती मुलांना ही सोय आहे?

धीरूभाई मॅट्रिकनंतर एडनला नोकरीला गेले, पुढे एवढा उद्योग उभा केला. त्यांच्या कर्तबगारीबद्दल वादच नाही. पण त्यांनी पोटच्या मुलांना काय शिकवलं? मुकेश यांनी माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागातून, केमिकल इंजिनिअरिंग केलं. स्टॅनफर्डचं एमबीए त्यांनी अर्धवट सोडलं, पण तोवर इंजिनिअरची पदवी हातात होती. अनिल यांनी तर अमेरिकेतल्या व्हार्टनमधून एमबीए पुरं केलं. डिग्री म्हणजे नुसता कागद, असं त्या बापाला वाटत असतं, तर पैसा आणि धंदा दोन्ही घरात असताना त्याने मुलांची इतकी वर्षं कॉलेजात घालवली असती का?

आता वडापाव. मेसेजमधलं गणित असं: रोज 500 वडे, 20 रुपयांना एक, म्हणजे दिवसाला 10 हजार, महिन्याला 3 लाख. अहो, हा गल्ला झाला! गल्ल्याला कमाई म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी हातगाडी लावलेली नाही. आमच्या स्टँडजवळ गाडी लावणाऱ्या काकांना मी मेसेज दाखवला. त्यांनी तिथेच हिशोब मांडला. पाव, बटाटा, बेसन, तेलाचा डबा, सिलिंडर मिळून वड्यामागे 12 रुपये जातात. मग हाताखालच्या पोराचा पगार आणि जागेचं भाडं. हातात 4 रुपये राहिले तर दिवस चांगला गेला. तेही 500 वडे खपले तर, आणि ते रोज खपत नाहीत. समजा खपले, तरी महिन्याचे 60 हजार झाले. त्यासाठी पहाटे चारपासून काका, काकू आणि काकांचा भाऊ असे तिघं राबतात. माणशी 20 हजार. पीएफ नाही, रजा नाही. गेल्या वर्षी काकांचा हात तेलाने भाजला, तेव्हा तीन आठवडे गाडी बंद होती. आणि त्यांचा मुलगा? तो सांगलीत बीसीए करतोय. 'माझ्यामागे त्यानं कढईपुढं उभं राहू नये,' असं काका म्हणाले.

इंजिनिअरचे 15 हजार मात्र खोटे नाहीत, हे मला मान्य करावं लागतं. 1983 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्यातून खेड्यापाड्यांतली हजारो मुलं इंजिनिअर झाली, पण ना धड प्रयोगशाळा, ना शिकवायला माणसं, अशीही कॉलेजं निघाली. तिथून बाहेर पडलेल्याला सुरुवातीला एवढाच पगार मिळतो. म्हणून कॉलेज नीट पारखून घ्या. पण चांगला चालणारा वडापाववाला आणि नुकता लागलेला इंजिनिअर, ही तुलनाच चुकीची आहे. सरासरी बघायची तर अर्थतज्ज्ञ जॉर्ज साखारोपुलोस आणि हॅरी पॅट्रिनोस यांनी 2018 मध्ये 139 देशांतले 1,120 अंदाज एकत्र करून मांडलेला अभ्यास बघा. शिक्षणाच्या दर जादा वर्षामागे कमाई सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास जास्त दिसते. या हिशोबाने चार वर्षांचे चक्रवाढीने साधारण 40 टक्के होतात. प्रत्येकाला तेवढे मिळतीलच असं नाही, पण मेसेजवाल्याकडे याच्या तोडीचं काय आहे?

बेकारीचा आकडाही खरा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालात तरुण पदवीधरांमधली बेकारी 29.1 टक्के आहे, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. पण दुसरा आकडा लहान का? त्यांना घरी बसणं परवडत नाही. मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या दिवशी ते कामाला जातात आणि मोजणीत 'कामावर' धरले जातात. त्यावरून ते जास्त कमावतात असं ठरत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांना 10 लाखांवर अर्ज आले, ही दुखरी गोष्ट आहे. पण त्या रांगेत उभं राहायलाही पदवी लागत होती.

सगळ्यात जास्त संताप येतो तो शेवटच्या ओळीचा. दोन वर्षांपूर्वी भाच्याला कर्ज काढून पुण्याला पाठवलं, तेव्हा हा मेसेज कुणीच त्याला पाठवला नाही. बहिणीची वेळ आली आणि लगेच एफडी आठवली! आणि ते 4 लाख आले कुठून? जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आमची पोर यात बसते. राहण्या-जेवण्याचा खर्च राहतो, तो दाजी आणि मी मिळून बघू. ज्या फीचे पैसे वाचवायला तिला घरी बसवायचं, ती फी तिला भरायचीच नाही.

दाजी, मी शनिवारी सकाळी येतोय. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर एका फायलीत काढून ठेवा. फॉर्म तिला स्वतःच्या हाताने भरू द्या.