एकटीची ज्वारी

मागच्या खरिपात अर्धा एकर ज्वारी पेरली होती. आमच्या शिवारात ज्वारीचं तेवढं एकच वावर. यवतमाळ जिल्हा, काळी जमीन, सगळं कोरडवाहू. नजर जाईल तिथवर पराटी म्हणजे कपाशी आणि सोयाबीन, मधात तुरीची तासं.

कणसं दुधावर आली आणि पाखरं उतरायला लागली. पहाटे साडेपाचपासून मी आणि धाकटा पोरगा पत्र्याचा डबा वाजवत धुऱ्यानं फिरायचो. या टोकाची उठवली की त्या टोकाला बसायची. पोपट खातो त्याच्या दुप्पट खाली सांडतो. रात्री डुकरं यायची, म्हणून घरचे पंधरा दिवस जागलीला. कापणीच्या दिवशी कणसं हातात घेतली तर शेंड्याकडून नुसता भुसा, देठाजवळ बोटभर दाणे. पाच पोती व्हायला पाहिजे होती, दीड क्विंटल झाली.

सासूबाई खळ्यावर बसून पाखडत होत्या. म्हणाल्या, "पाखरं तवाबी इतकीच होती वं. साऱ्या गावानं पेरली त कोणाच्या ध्यानातबी येत नाही. एकटीनं पेरशीन त सारी तुयाच वावरात येतीन."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. आमच्याकडेही ज्वारी किती पौष्टिक हे सांगणारी भाषणं झाली, आणि त्यातलं सगळं खरं होतं. पण शेतकऱ्याला एकेकटं गाठून "पेरा" म्हणण्यात अर्थ नाही. ज्वारी हे शिवाराचं पीक आहे. दोनशे एकरांवर असेल तर पाखरांचा वाटा सगळ्यांत वाटला जातो. अर्ध्या एकरावर असेल तर घरच्या माणसांचे महिनाभराचे हाल.

ज्वारी का गेली, हे गावात कोणालाही विचारा. दाणा भरताना पाऊस लागला की काळा पडतो, मग व्यापारी हात लावत नाही. कापणीला मजूर मिळत नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत नगदी पैसे देतं. २००२ नंतर बीटी कपाशी आली आणि पराटीतली ज्वारी-मुगाची तासंही हळूहळू गेली. शेतकऱ्याला दोष देऊ नका. त्यानं हिशेब केला आणि त्या वेळेपुरता तो बरोबर होता.

पण ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरं गेली, जनावरांबरोबर शेणखत गेलं. आज आमच्या वावरात वखर नीट लागत नाही, इतकी जमीन चोपण झाल्यासारखी वाटते. रासायनिक खताची पोती दरवर्षी वाढतात. आणि फवारणी! २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले. त्या दिवसांत गावोगावी काय वातावरण होतं ते आम्ही पाहिलं आहे. ज्वारीला एवढी फवारणी लागत नाही.

आता रेशनचं बोलते, कारण इथे लोकांचा गैरसमज होतो. मी रेशनच्या विरोधात अजिबात नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा नसता तर आमच्या गावातल्या कित्येक घरांत पावसाळ्यात चूल कशी पेटली असती, देव जाणे. माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. ते राहिलंच पाहिजे. पण आमच्या दुकानात महिनोन्‌महिने येतात ते गहू आणि तांदूळ. ज्या मुलखाचं पोट पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर होतं, तिथली लेकरं आता भाकर ताटात सोडून उठतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह कितीतरी जास्त असतं. त्याच कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही लिहिलेलं आहे, १ रुपया किलोनं. म्हणजे नवा कायदा करायची गरजच नाही.

गरज आहे ती खरेदीची. माझ्या भावानं अकोल्याकडे उन्हाळी ज्वारी घेतली. तेव्हा, २०२४-२५ च्या हंगामात, हमीभाव ३३७१ रुपये क्विंटल होता. सातबारा, ई-पीक पाहणी, ऑनलाईन नोंदणी सगळं केलं. केंद्रावर आधी बारदाना म्हणजे भरायला पोती नव्हती, मग गोदामात जागा नव्हती. पाऊस तोंडावर आला आणि बियाण्याला पैसे पाहिजे होते. शेवटी बावीसशेनं व्यापाऱ्याला घातली. यंदा त्यानं ज्वारी पेरली नाही, आणि मी त्याला "पेर" म्हणू शकले नाही.

हे होऊ शकतं, याचा दाखला लांबचा नाही. शेजारच्या तेलंगणात झहिराबाद भागातल्या दलित बायकांच्या संघांनी १९९० च्या दशकात पडीक जमिनी वाहितीखाली आणल्या. मशागतीला मिळालेलं कर्ज त्यांनी ज्वारीच्या रूपानं फेडलं. ती ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्याच गरीब घरांना स्वस्तात दिली. कोणाला किती द्यायची हे बायकांनीच ठरवलं. ओडिशानं २०१७ साली भरडधान्याची मोहीम सुरू केली, पुढे नाचणीची सरकारी खरेदी उभी केली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या लेकरांना नाचणीचे लाडू दिले. आमच्या तालुक्यातली ज्वारी आमच्याच अंगणवाडीत आणि आमच्याच रेशन दुकानात का येऊ नये? तूर इथे ढिगानं पिकते आणि देश मोझांबिककडून तूर घेतो. कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीआधी खरेदीची खात्री मिळाली, तर तो काय पिकवणार नाही?

तोवर आम्ही बसून राहणार नाही. आमच्या बचत गटातल्या नऊ जणींशी बोलणं झालं आहे. सगळ्यांची वावरं नाल्याच्या अलीकडे, एकमेकींना लागून आहेत. प्रत्येकीनं अर्धा एकर, एकाच आठवड्यात पेरणी, राखणीच्या पाळ्या वाटून. माझा अर्धा धरून पाच एकरांनी पाखरं कमी होणार नाहीत हे मला माहीत आहे. अजून तेवढीच जमीन लागून मिळाली तर बरंच हलकं जाईल. सासूबाईंनी त्या दीड क्विंटलातली चांगली कणसं आधीच बाजूला काढली होती. ते गावरान बियाणं राख आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवलं आहे. आमच्या दहा जणींचं भागून आणखी पाच-सहा एकरांचं उरतं. नाल्याकाठी ज्यांची वावरं आहेत त्यांनी मृगाच्या आधी घरी येऊन घेऊन जावं. पैसे नकोत, पुढच्या वर्षी तेवढंच बियाणं परत द्या.