तळ्यावरची हिरवी साय आणि ‘प्राणवायूचा कारखाना’

उन्हाळा लागला की एक मजकूर ग्रुपांवर फिरू लागतो: ‘तळ्यावरचं हिरवं शेवाळ काढू नका. ते प्राणवायू सोडतं, मासे जोमाने वाढतात, पाणी आपोआप शुद्ध होतं. हे स्पिरुलिनाच आहे, पाणी उकळलं की प्यायलाही चालतं.’ यातलं एक विधान अर्धं खरं आहे आणि त्याच्या आडून बाकीची खपून जातात.

मुळात ते शेवाळ नाही. हिरवा रंग सांडल्यासारखी दिसणारी ती साय पुष्कळदा मायक्रोसिस्टिस एरुजिनोसा या सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे जिवाणूची असते. हातमोजे घालून ते पाणी काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. हिरवे कण वर येऊन थर धरतात, कारण त्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. काठावर वाळलेल्या सायीवर निळसर डाग दिसतो, तो फायकोसायनिनचा. हरितद्रव्याला नीट टिपता न येणारा नारिंगी प्रकाश हे रंगद्रव्य टिपतं.

आता प्राणवायू. दिवसा साय तो सोडते, हे खरंच. पृथ्वीच्या हवेत सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला, तोही सायनोबॅक्टेरियांमुळेच. पण हा हिशेब फक्त दिवसाचा झाला. प्रकाशसंश्लेषण चालतं पृष्ठभागाशी, त्यामुळे जास्तीचा प्राणवायू हवेत निघून जातो. सायीच्या सावलीत तळाकडच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. रात्री त्याच कोट्यवधी पेशी श्वसनासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. पुढे साय मरून कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही जातो.

पाणी शुद्ध होतं म्हणावं, तर साय माजते तीच सांडपाण्यातल्या आणि खतांतल्या फॉस्फरस-नायट्रोजनवर. ती कुजली की ते सगळं पुन्हा पाण्यात. पूरक आहार म्हणून खातात ती स्पिरुलिना म्हणजे आर्थ्रोस्पायरा हा दुसराच सायनोबॅक्टेरिया. ती वेगळी, अल्कधर्मी पाण्यात मुद्दाम वाढवलेली.

सगळ्यांत घातक सल्ला उकळण्याचा. मायक्रोसिस्टिसचं मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर घाला घालतं आणि उकळून नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात सुटतं, पाणी आटेल तसं दाट होतं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या एका प्रकाराची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे अवघा 1 मायक्रोग्रॅम आहे. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यात हे विष आलं, तेव्हा सुमारे 5 लाख लोकांना ‘नळाचं पाणी पिऊ नका, उकळूही नका’ असं बजावलं गेलं. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत डायलिसिसच्या पाण्यातून ते रक्तात गेलं आणि 50 हून अधिक रुग्ण दगावले.

प्रत्येक मायक्रोसिस्टिस विष करत नाही. पण विषारी आणि बिनविषारी साय डोळ्यांना सारखीच दिसते. म्हणून तपासणी होईपर्यंत त्या काठावर गुरं पाण्याला नेऊ नका आणि पोरांना पोहायला सोडू नका.